फील्ड प्रोजेक्टचा रिफ्लेक्टिव्ह रिपोर्ट कसा लिहायचा: पहिल्या नोंदीपासून व्हायवापर्यंत

प्रोजेक्ट संपतो, तक्ते भरून होतात, आलेख निघतात, आणि मग सूचनांच्या कागदावर तळाशी एक ओळ दिसते: 'सोबत रिफ्लेक्टिव्ह रिपोर्ट जोडावा.' इथे बहुतेक जण अडतात. प्रकल्प अहवाल कसा असतो हे बारावीच्या पर्यावरण प्रकल्पापासून माहीत असतं. उद्दिष्टं, पद्धत, निरीक्षणं, निष्कर्ष. पण हा दुसरा रिपोर्ट नेमका काय मागतो हे कोणी नीट बसून सांगत नाही. मग मुलं प्रकल्प अहवालाचाच सारांश काढतात, शेवटी 'या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले' असं लिहितात, आणि गुण कुठे गेले ते कळत नाही.

मी या वाटेने गेलो आहे आणि त्यानंतर ज्युनियर मुलांचे बरेच मसुदे वाचले आहेत. सगळ्यांची गाडी साधारण त्याच ठिकाणी रुतते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. प्रकल्प अहवाल तुमच्या विषयाबद्दल असतो, रिफ्लेक्टिव्ह रिपोर्ट तुमच्या निर्णयांबद्दल असतो. समजा तुम्ही गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजलीत. पाणी किती खोल आहे, हे प्रकल्प अहवाल सांगेल. याच विहिरी का निवडल्या, मोजायची पद्धत मध्येच का बदलली, कोणती समजूत खोटी ठरली, ती कशामुळे, आणि हेच काम पुन्हा करायचं तर काय वेगळं कराल, हे रिफ्लेक्टिव्ह रिपोर्टमध्ये येतं. पुढे सगळीकडे मी हेच विहिरींचं उदाहरण घेतलं आहे. तुमचा प्रकल्प आठवडी बाजाराचा, बचत गटाचा किंवा देवराईचा असला तरी पायऱ्या याच.

हा रिपोर्ट कुठे मागतात

महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीच्या नव्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि रिसर्च प्रोजेक्ट यांना स्वतंत्र क्रेडिट मिळाले. फील्ड प्रोजेक्ट सहसा २ क्रेडिटचा असतो. एका क्रेडिटला ३० तास धरले तर ६० तासांचं काम झालं. बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये आणि समाजकार्याच्या क्षेत्रकार्यात असं चिंतनपर लेखन आधीपासूनच आहे. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांना ईपीक्यूमध्ये (तिथल्या शाळांतला स्वतंत्र प्रकल्प) प्रॉडक्शन लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, ठेवावा लागतो. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाच्या एक्स्टेंडेड एसेमध्ये ४००० शब्दांपर्यंतच्या निबंधासोबत जास्तीत जास्त ५०० शब्दांचं चिंतन द्यायचं असतं. शब्दमर्यादा आणि फॉर्म वेगळे असले तरी परीक्षक शोधतो ती गोष्ट सगळीकडे एकच असते: या मुलाने काम करताना विचार केला का, आणि तो दिसतो का?

हाताशी काय काय हवं

- विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाचा तक्ता
- कॉलेजने दिलेलं परवानगीपत्र आणि ग्रामपंचायत किंवा संस्थेची पोच असलेली त्याची प्रत
- फील्डची नोंदवही, हाताने लिहिलेली (शक्यतो पानांवर क्रमांक टाकलेली)
- हजेरीचा किंवा तासांचा तक्ता, गाइडच्या (मार्गदर्शक शिक्षकांच्या) सह्यांसह
- मूळ फॉर्म, म्हणजे फील्डवर भरलेले खाडाखोड असलेले कागद. फेअर केलेले नकोत.
- फोटो, त्यातले काही तारीख आणि ठिकाण दिसणारे. बऱ्याच कॉलेजांना जिओटॅग फोटो (ज्यात ठिकाणाची नोंद असते असे) लागतातच.
- गाइडशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी
- युनिकोड (कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर तसंच दिसणारं) मराठी टायपिंग चालणारा फोन किंवा संगणक

यातला एखादा कागद नसला तर काम थांबत नाही. नोंदवही नसली तर मात्र फार जड जातं, त्याबद्दल दुसऱ्या पायरीत लिहिलं आहे.

१. मूल्यमापनाचा तक्ता मिळवा आणि त्यातली क्रियापदं वाचा

लिहायला बसण्याआधी विभागात जाऊन तक्ता मागून घ्या. सिनियरच्या जुन्या फाइलवरून अंदाज बांधू नका; अभ्यासक्रम बदलला की गुणांची विभागणीही बदलते. तक्ता हातात आला की त्यातली क्रियापदं अधोरेखित करा. 'वर्णन करा' याला किती गुण, 'विश्लेषण करा' याला किती, 'मूल्यमापन करा' याला किती. वर्णनाला बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी गुण असतात, आणि मुलं पानं खर्च करतात ती मात्र वर्णनावर. तक्ता मिळालाच नाही, तर गाइडना सरळ विचारा: 'मॅडम, यात तुम्ही काय बघणार?' दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

शब्दमर्यादाही इथेच ठरवून टाका. १५०० शब्द म्हणजे फार नव्हे. त्यात तीन किंवा चार प्रसंग नीट मावतात, दहा मावत नाहीत.

२. नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा

चांगला रिपोर्ट शेवटच्या आठवड्यात लिहून होत नाही. त्याचा कच्चा माल रोजच्या नोंदीत साठत जातो. महिन्याभराने तुम्हाला 'काय झालं' ते आठवेल, पण 'तेव्हा मला काय वाटत होतं' ते आठवणार नाही, कारण नंतर कळलेली गोष्ट आधीच्या अज्ञानावर पांघरूण घालते. आणि या रिपोर्टला नेमकं ते अज्ञानच लागतं.

नोंद लांब नको. फील्डवरून परतताना एसटीत बसल्या बसल्या पाच ओळी लिहिल्या तरी पुरे. फक्त त्यात चार गोष्टी हव्यात: काय ठरवून गेलो होतो, प्रत्यक्षात काय झालं, त्यातलं काय अनपेक्षित होतं, उद्या काय बदलणार. अशी:

'आज नदीकडच्या पाच विहिरी ठरल्या होत्या, तीनच झाल्या. तिसऱ्या विहिरीवर एक आजोबा म्हणाले, "कुठल्या हापिसातनं आलास रं? मीटर बघाया आलास का?" टेप बघून त्यांना वाटलं की मी विजेचं काहीतरी तपासायला आलोय. कॉलेजचं पत्र बॅगेत होतं, पण ते मी शेवटी काढलं. मग बोलले, पण बोअरबद्दल काहीच सांगितलं नाही. विचारलेल्या खोलीचं उत्तर "सात परस" असं आलं. मीटरच्या रकान्यात काय लिहू? उद्या: पत्र आधी दाखवायचं. गावातल्या ओळखीच्या माणसाला सोबत घ्यायचं. खोली विचारायची नाही, मोजायची.'

या एका नोंदीत रिपोर्टसाठी किमान दोन प्रसंग आहेत. पहिला विश्वासाचा: लोक माहिती लपवतात तेव्हा त्यामागे भीती असते, आणि त्याचा तुमच्या आकड्यांवर परिणाम होतो. दुसरा मापाचा: हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस, आणि ती माणसागणिक बदलते, मग असे आकडे थेट मीटरमध्ये आणून एका तक्त्यात बसवायचे का? यातलं काहीही प्रकल्प अहवालात येणार नाही. तिथे फक्त 'माहिती प्रत्यक्ष मोजणीद्वारे संकलित केली' एवढीच ओळ राहील.

नोंदवही ठेवलीच नसेल तर? मागे राहिलेल्या खुणांवरून ती उभी करता येते. फोनमधल्या फोटोंच्या वेळा बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर गाइडला आणि मित्रांना पाठवलेले मेसेज वाचा, गूगल डॉक्समध्ये फाइलच्या जुन्या आवृत्त्या उघडा, फॉर्मवरची खाडाखोड तपासा. त्यावरून घटनाक्रम लिहा आणि वर स्पष्ट नमूद करा की 'ही नोंद फोटो आणि मेसेजवरून नंतर तयार केली आहे.' एका बैठकीत, एकाच पेनने, महिन्याभराच्या खोट्या तारखा टाकून वही भरू नका. एकसारखं अक्षर, एकसारखी शाई आणि पानांना जराही माती नाही, हे परीक्षकाला पहिल्या नजरेत कळतं, आणि मग खऱ्या भागावरचाही विश्वास उडतो.

३. लिहिण्याजोग्या जागा निवडा

सगळी वही एकदा वाचून काढा आणि जिथे काहीतरी वळलं तिथे खूण करा. योजना बदलली ती जागा, आकडा पटला नाही ती जागा, कोणी काही बोललं आणि तुम्ही पद्धत बदलली ती जागा, दोन वाटांतली एक निवडली ती जागा. आठ-दहा खुणा निघतील. त्यातून तीन-चार निवडा.

निवडताना स्वतःला विचारा: हा निर्णय उलटा घेतला असता तर प्रकल्पाचा निष्कर्ष बदलला असता का? उत्तर 'हो' असेल तर प्रसंग घ्या. 'बस चुकली म्हणून उशीर झाला' याने निष्कर्ष बदलत नाही, म्हणून तो सोडा. 'बस दुपारचीच असल्यामुळे लांबच्या वस्तीवरच्या विहिरी वगळल्या' याने मात्र नमुनाच बदलतो. रस्त्यालगतच्या विहिरी मोजल्या गेल्या आणि माळावरच्या राहिल्या, तर गावाचं चित्र एकांगी झालं. हा प्रसंग सोन्यासारखा आहे, आणि मुलं नेमका तोच लिहायचा टाळतात, कारण त्यांना तो आपला दोष वाटतो.

४. साचा घ्या, पण साच्याचे रकाने भरत बसू नका

काही विद्यापीठं एखादी ठरावीक चौकट वापरायला सांगतात. सर्वांत जास्त दिसते ती ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेली. तिच्यात सहा टप्पे आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. डेव्हिड कोल्ब यांची १९८४ ची चौकट चार टप्प्यांची: अनुभव, त्यावर चिंतन, त्यातून संकल्पना, आणि ती पुन्हा वापरून बघणं. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे तीन प्रश्नांची: काय झालं? त्याचं काय? मग आता काय?

सूचनेत नाव दिलेलं नसेल तर मी तीन प्रश्नांचीच चौकट सुचवीन. कमी शब्दांत ती हाताळायला सोपी जाते. गिब्जची चौकट घेतलीत तर प्रत्येक प्रसंगासाठी सहा उपशीर्षकं टाकू नका. चार प्रसंगांची चोवीस शीर्षकं होतात आणि त्याखाली दोन-दोन ओळी उरतात. टप्पे मनात ठेवून परिच्छेद सलग लिहा.

'भावना' हा टप्पा विशेष फसवा आहे. काही जण तो पूर्ण गाळतात, काही जण पानभर 'मन भरून आलं' लिहितात. साधा नियम असा की भावनेमुळे निर्णय बदलला असेल तर लिहा. 'आजोबांनी संशय घेतल्यावर मी ओशाळलो आणि पुढच्या दोन विहिरींवर प्रश्नच कमी विचारले' हे लिहायलाच हवं, कारण त्यामुळे दोन फॉर्म अर्धवट राहिले.

५. एक प्रसंग पूर्ण लिहून बघा

इथे थोडं थांबतो, कारण गुण इथे मिळतात. खालचे दोन्ही नमुने मी समजावण्यासाठी रचले आहेत, आकड्यांसकट. पहिला असा:

'दिनांक १२ ऑक्टोबर रोजी सदर गावातील विहिरींचे सर्वेक्षण करण्यात आले. काही विहिरींवर मोटार चालू असल्याने अडचणी आल्या. तथापि शेतकऱ्यांच्या सहकार्याने सर्वेक्षण यशस्वीरीत्या पूर्ण करण्यात आले. यातून वेळेचे नियोजन शिकायला मिळाले.'

व्याकरण ठीक आहे, शुद्धलेखन ठीक आहे, पण विचार कुठेच नाही. कोणती अडचण? ती अडचण का ठरली? सहकार्याने नेमकं काय सुटलं? 'वेळेचे नियोजन' तर कुठल्याही प्रकल्पाला चिकटवता येतं. आता हाच प्रसंग असा:

'पहिल्या फेरीत मी विहिरी रस्त्याच्या क्रमाने मोजल्या, कारण एका दिवसात जास्तीत जास्त विहिरी व्हाव्यात एवढाच विचार डोक्यात होता. विहीर क्र. ७ मध्ये सकाळी पाणी जमिनीपासून ६.४ मीटरवर लागलं. संध्याकाळी परतताना तिथेच पुन्हा टेप सोडला, तर ५.१ मीटर. सकाळी मोटार चालू होती. दुपारी वीज गेल्यावर उपसा थांबला आणि झऱ्यांनी विहीर भरत आली. तोवर मी पाणीपातळी ही विहिरीची स्थिर बाब समजत होतो. त्या दिवशी लक्षात आलं की मी भूजलाबरोबर त्या सकाळचा उपसाही मोजत होतो. शेतीची वीज इथे आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, म्हणजे माझ्या नोंदींमधला फरक अंशतः विजेच्या वेळापत्रकाचा होता. दुसऱ्या फेरीआधी मी पाळी विचारून घेतली, मोटार बंद होऊन बारा तास झालेल्या विहिरीच मोजल्या, आणि फॉर्ममध्ये "मोटार शेवटची कधी चालली" हा रकाना वाढवला. पहिल्या फेरीतल्या नऊ नोंदी तुलनेतून वगळल्या (परिशिष्ट २). बारा तास पुरतात का, हे मी तपासलेलं नाही. कमी झऱ्याच्या विहिरीला जास्त वेळ लागत असणार. पुन्हा करायचं झालं तर एका विहिरीवर दर तासाला पातळी घेऊन आधी तेवढं ठरवीन.'

दोन्हींत घटना एकच. दुसऱ्यात मात्र आधीची समजूत दिसते, ती कोणत्या आकड्याने मोडली ते दिसतं, कारण दिसतं, बदल दिसतो, त्या बदलाची किंमत दिसते (नऊ नोंदी गेल्या) आणि बदलानंतरही काय उरलं तेही दिसतं. तुमचा प्रत्येक प्रसंग लिहून झाला की या गोष्टी त्यात आहेत का, ते बोट ठेवून तपासा. सगळ्यात जास्त वेळा आधीची समजूत सुटते. 'मला आधी असं वाटत होतं' हे वाक्य नसेल तर बदल कशातून कशात झाला हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

जिथे जमेल तिथे स्वतःच्या अनुभवाला बाहेरच्या ज्ञानाची जोड द्या. एवढ्याने रिपोर्टची पातळी चढते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. मे म्हणजे पावसाआधीची तळाला गेलेली पातळी, ऑक्टोबर म्हणजे पावसानंतरची. तुमचं सत्र हिवाळ्यात संपत असेल तर ऑक्टोबरची तुलना जमेल, पण मेची आकडेवारी तुमच्या हाती नसणार. 'माझ्या कामातून पाणी किती आहे ते कळतं, उन्हाळ्यात किती उरतं ते कळत नाही' ही मर्यादा कॅलेंडरमुळे आली. ती तुमची हयगय नव्हे. अशी मर्यादा कारणासह मांडली की परीक्षकाला दिसतं की विद्यार्थ्याला आपल्या कामाची हद्द समजली आहे.

६. 'करण्यात आले' काढा, 'मी' आणा

आपल्याला शाळेपासून सवय लावलेली असते की अहवालात 'मी' नको. 'सदर प्रकल्पामध्ये', 'निदर्शनास आले', 'अवलंब करण्यात आला' अशी कचेरीची भाषा आपोआप उतरते. प्रकल्प अहवालात ती चालेल. इथे ती अडथळा ठरते, कारण 'निवड करण्यात आली' म्हटलं की निवड कोणी केली ते गायब होतं, आणि परीक्षक तर त्या निवड करणाऱ्यालाच शोधत असतो. मसुदा तयार झाला की 'ण्यात आल' एवढंच टाकून शोधा आणि प्रत्येक जागी स्वतःला विचारा: हे कोणी केलं? उत्तर 'मी' असेल तर 'मी' लिहा.

गटात काम केलं असेल तर 'आम्ही' आणि 'मी' वेगळे ठेवा. 'आम्ही चाळीस घरं वाटून घेतली. वरच्या आळीतली दहा माझ्याकडे होती' असं. गटातले मतभेदही लिहा, नावं न घेता. प्रश्नावली लहान असावी की मोठी यावर वाद झाला आणि तो कसा सुटला, हा चांगला प्रसंग होतो. गटातल्या दोघांचे रिपोर्ट शब्दशः सारखे निघाले तर मात्र दोघेही अडचणीत येतात.

७. प्रत्येक दाव्याला पुरावा बांधा

'माझं संवादकौशल्य सुधारलं' असं लिहिलंत तर वाचणारा विचारणार: कशावरून? पहिल्या दिवशीचे फॉर्म आणि शेवटच्या दिवशीचे फॉर्म शेजारी ठेवा. पहिल्यात चार रकाने रिकामे, शेवटच्यात एकही नाही, हा पुरावा. तो परिशिष्टात लावा आणि मजकुरात कंसात क्रमांक द्या. नोंदवहीची सगळी पानं जोडायची गरज नाही. ज्यांचा उल्लेख केला तेवढी पुरेत.

इथे एक खबरदारी मनापासून पाळा. शेतकऱ्यांची, महिलांची, मुलांची नावं रिपोर्टमध्ये घालू नका, 'विहीर क्र. ७', 'माहितीदार ३' असं लिहा. जिओटॅग फोटोत चेहरा आणि नेमकं ठिकाण दोन्ही जातात, म्हणून फोटो काढण्याआधी विचारा आणि तो कुठे लागणार आहे ते सांगा. कोणी विश्वासाने बेकायदा बोअरबद्दल किंवा भावकीतल्या भांडणाबद्दल बोललं असेल तर ते छापू नका. आपण सबमिशन करून मोकळे होतो, पण त्या माणसांना त्याच गावात राहायचं असतं.

८. न जमलेलं लिहिताना

दोन टोकं टाळा. एक, सगळं सुरळीत पार पडल्याचं चित्र. साठ तासांच्या कामात काहीच बिनसलं नाही यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन, स्वतःला झोडपणं. 'माझ्या आळसामुळे', 'मी नीट लक्ष दिलं नाही' अशी वाक्यं कारणापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांच्या जागी प्रक्रिया लिहा. कठड्याची उंची वजा करायची राहिली असेल, तर फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता, काठावरून मोजलेलं अंतर आणि जमिनीपासूनची खोली यातला फरक तक्ता बनवताना लक्षात आला, मग पुन्हा जाऊन कठडे मोजले, हे सांगा. वाचणाऱ्याला चूक कुठून शिरली ते कळतं आणि पुढच्या वेळी ती कशी अडेल तेही.

दोष दुसऱ्यावर ढकलण्याचा मोह होतो: ग्रामसेवक भेटले नाहीत, गाइडनी वेळ दिला नाही. खरं असलं तरी त्यावर एक ओळ, आणि मग तुम्ही पर्याय काय शोधलात यावर चार ओळी.

९. 'पुढे काय' हे नेमकं लिहा

'भविष्यात या अनुभवाचा उपयोग होईल' हे वाक्य खोडा. पुढे म्हणजे कुठे? तुमचा पुढच्या सत्राचा कम्युनिटी एंगेजमेंट असेल, शेवटच्या वर्षाचं ऑन जॉब ट्रेनिंग असेल, तर त्याचं नाव घेऊन लिहा: 'पुढच्या सत्रात बचत गटासोबत काम करताना प्रश्नावली आधी तीन जणींवर तपासून मग छापीन.' दोन-तीन अशी वाक्यं पुरतात. अमुक तारखेला ते झालं की नाही हे तपासता यावं, इतकं ते नेमकं हवं.

१०. टायपिंग, साम्य तपासणी आणि एआय

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा तांत्रिक सापळा फॉन्टचा. गावच्या किंवा कॉलेजजवळच्या टायपिंग सेंटरवर अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात. प्रिंट सुरेख येते, पण तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिखल होतो, आणि दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातलं काही वाचता येत नाही. आधीच सांगा: युनिकोडच हवं. स्वतः करायचं असेल तर फोनवर बोलून टाइप करा आणि नंतर ऱ्हस्व-दीर्घ तपासा. जोडाक्षरं पीडीएफमध्ये तुटत नाहीत ना, हे सबमिशनच्या आदल्या दिवशी दुसऱ्या फोनवर उघडून बघा.

साम्याबद्दल: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्रबंध-शोधनिबंधांसाठी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. तुमच्या कॉलेजची मर्यादा विभागात विचारा. खरा रिफ्लेक्टिव्ह रिपोर्ट या तपासणीत सहसा अडकत नाही, कारण तुमच्या विहीर क्र. ७ चा प्रसंग दुसऱ्या कोणाच्या फाइलमध्ये असूच शकत नाही.

एआयकडून रिपोर्ट लिहून घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. त्याला तुमची विहीर, ते आजोबा, तो अर्धवट फॉर्म यातलं काही माहीत नसतं, म्हणून ते गुळगुळीत सामान्य वाक्यं देतं, आणि या रिपोर्टमध्ये सामान्य वाक्यालाच गुण नसतात. शुद्धलेखन तपासायला किंवा इंग्रजी सारांश सुधारायला वापरलं असेल तर कॉलेजचा नियम बघा आणि तेवढं एका ओळीत नमूद करा.

११. गाइडला दाखवणं, सबमिशन आणि व्हायवा

गाइडकडे आख्खा मसुदा घेऊन जाण्याआधी एकच प्रसंग लिहून दाखवा. 'सर, या पद्धतीने बाकीचे लिहू का?' असं विचारलं की त्यांनाही वाचायला सोपं जातं आणि तुमची दिशा चुकली असेल तर लवकर कळतं. त्यांनी सुचवलेले बदल तारखेसह वहीत टिपा. गाइडनी काय सांगितलं, त्यातलं तुम्ही काय मानलं आणि काय का मानलं नाही, हाही रिपोर्टचा प्रसंग होऊ शकतो.

सबमिशनला दोन प्रती लागतील की तीन, स्पायरल की हार्ड बायंडिंग, प्रमाणपत्रावर कोणाकोणाच्या सह्या, हे विभागाच्या नोटिशीवर असतं. सह्यांसाठी किमान आठवडाभर हाताशी ठेवा. विभागप्रमुख रजेवर असतात, शिक्का ऑफिसात असतो, आणि सत्राच्या शेवटी सगळ्यांची गर्दी एकदम होते. स्वतःसाठी एक झेरॉक्स आणि एक पीडीएफ काढून ठेवा.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मूळ नोंदवही सोबत न्या. परीक्षक सहसा रिपोर्टमधला एक प्रसंग उचलतात आणि खोलात जातात: 'बारा तासच का? सहा का नाही?' उत्तर माहीत नसेल तर वहीतलं ते पान उघडा, तेव्हा काय विचार केला होता तो सांगा, आणि पुढे कसं तपासता येईल ते सांगा. 'तुमचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कोणता?' हा प्रश्न जवळपास हमखास येतो. त्याचं उत्तर आदल्या रात्री एकदा मोठ्याने बोलून बघा, कागदाकडे न बघता, घरातल्या कोणाला तरी समोर बसवून. त्यांना ते समजलं आणि त्यांनी उलट प्रश्न विचारला, तर तो प्रश्नही लिहून घ्या; परीक्षक बहुधा तोच विचारतात.